झोपेची गोळी

ताईचा मुलगा स्वमग्न आहे. फिट्ससाठी तीन वर्षं फेनोबार्बिटोनवर होता. डॉक्टरांनी काही महिने लावून गोळी हळूहळू बंद केली. मधले काही आठवडे झोप उडाली, चिडचिड वाढली. मग पोरगं चक्क एका जागी बसून ठोकळे लावायला लागलं. ताईला रडूच फुटलं. "म्हणजे इतकी वर्षं मी गोळीवर ओरडत होते?"

म्हटलं विकांताला जरा खोदून बघू. फ्रायबुर्गचा तरुण डॉक्टर आल्फ्रेड हाउप्टमान फिट्सच्या रुग्णांजवळच राहायचा म्हणे. झोपमोड व्हायची, म्हणून त्याने त्यांना नवं झोपेचं औषध दिलं, तर फिट्सच कमी झाल्या! हे १९१२ सालचं. त्याआधी १८५७ पासून ब्रोमाइड, त्याने माणूस मंद व्हायचा. पण गुंगी आणणारं हेच फेनोबार्बिटोन काही मुलांना उलट चळवळं, चिडकं करतं. कॅनरने १९४३ साली ज्या ११ मुलांवरून स्वमग्नतेचं वर्णन केलं, त्यांतल्या दोघांना १९७१ पर्यंत फिट्स सुरू झाल्या होत्या. म्हणजे दोन्ही दुखणी एकत्र येणं जुनंच. पण ज्याला सांगताच येत नाही, त्याच्या वागण्यात स्वभाव किती आणि औषध किती, हा बग शोधायचा कसा?

फिट परत येऊ शकते. ताई अजून रात्री दोनदा उठून त्याच्याकडे बघते.