टोपलीतला साप

रोमच्या जुन्या दगडी शवपेट्यांवर एक मिरवणूक पुन्हा पुन्हा कोरलेली दिसते. रथात बसलेला बाक्कस, मद्याचा देव. भोवती द्राक्षवेली, डफ-झांजा वाजवीत नाचणाऱ्या स्त्रिया. आणि खाली पायाशी, बोकडाच्या पायांचा पॅन वेताच्या टोपलीचे झाकण खुराने उडवतो आणि आतून साप डोके वर काढतो.

ही टोपली साधी नव्हे. ग्रीक लोक याच देवाला डायोनिसस म्हणत. त्याची दीक्षा घेतलेल्यांच्या गुप्त पूजावस्तू अशाच झाकलेल्या टोपलीत असत. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात पर्गमच्या राज्यात ही टोपली आणि हा साप चांदीच्या नाण्यांवरही आला. प्लुटार्क सांगतो की, अलेक्झांडरची आई ऑलिंपियास या देवाच्या उत्सवात माणसाळलेले साप आणीत असे. ते टोपल्यांतून निघून स्त्रियांच्या हातातील काठ्यांना विळखा घालीत आणि पाहणारे पुरुष घाबरून जात.

रोमच्या सत्तेलाही भय वाटले. पण ते सापाचे नव्हे, झाकणाचे. इ.स.पू. १८६ मध्ये सिनेटने हुकूम काढला. परवानगीशिवाय ५ पेक्षा अधिक जणांनी मिळून ही पूजा करू नये, पुरुषाने पुजारी होऊ नये, सामाईक निधी ठेवू नये. लिव्ही हा इतिहासकार आरोपींची संख्या ७००० हून अधिक सांगतो. कैद झालेल्यांपेक्षा देहदंड झालेलेच जास्त होते. हुकुमाचा कांस्यपट १६४० मध्ये दक्षिण इटलीत सापडला. तो आज व्हिएन्नाला आहे.

तरी देव संपला नाही. तीनशेहून अधिक वर्षांनी त्याच रोममधील श्रीमंत घराणी आपल्या मृतांच्या पेट्यांवर त्याची मिरवणूक कोरून घेऊ लागली. काही पेट्यांवर तो हिंदुस्थान जिंकून हत्तींसह परतताना दिसतो. त्याच काळाच्या आसपास इटलीचे मद्य भडोच बंदरात उतरत होते, आणि त्याच बंदराकडे तगर नगरीचा माल जात होता. तगर म्हणजे आपल्या गोरोबाकाकांचे तेर.

शवपेटीवर साप कशासाठी? साप कात टाकतो आणि नवा होतो. छाटलेली द्राक्षवेल पुन्हा फुटते. जिवलगाचा देह ज्या पेटीत ठेवून झाकण कायमचे बंद केले, तिच्याच अंगावर त्या लोकांनी उघडणारे झाकण कोरले. त्यांनी याचा अर्थ लिहून ठेवलेला नाही. पण रडून थकलेल्या माणसाला तो लिहावा लागत नाही.

माळकऱ्याला मद्य वर्ज्य, आणि आपले कीर्तन वाळवंटात, उघड्या आभाळाखाली, येईल त्याच्यासाठी. तेथे झाकण नाही. वाट निराळी खरी. पण ‘गेलेले माणूस कुठे गेले?’ हा प्रश्न त्या दगडातही आहे, आणि आपल्या दिंडीत मागची जागा रिकामी दिसते तेव्हाही तोच असतो.