झाकण आधी, धूळ नंतर

रेकॉर्ड ऐकणाऱ्यांमधला एक वाद काही मिटत नाही. तबकडी फिरत असताना टर्नटेबलचे झाकण लावून घ्यावे की उघडे ठेवावे? लावणारे म्हणतात, नाहीतर धूळ बसते. उघडे ठेवणारे म्हणतात, लावले की आवाज कोंदतो. शिवाय एक कडवा पंथ आहे. तो झाकण बिजागऱ्यांतून उपसून काढतो आणि कपाटामागे टेकवून ठेवतो. झाकण जन्माला आले ते धुळीपायी, हे मात्र तिघेही धरून चालतात. कुळ शोधायला गेले तर निराळेच निघते. झाकणाचा पहिला संबंध आवाजाशी होता. धूळ त्याच्या आयुष्यात चाळीसेक वर्षांनी आली.

पहिली यंत्रे उघडीच होती. 1877 साली एडिसनने कथलाच्या वर्खावर आवाज उमटवला, त्या यंत्राला झाकायला काही नव्हते. पुढे त्याच्या सिलिंडरच्या फोनोग्राफला बाक दिलेल्या लाकडाचे, वर मूठ असलेले टोपण आले. शिवणयंत्रावर घालतात तसेच. पण ते यंत्र उचलून न्यायला आणि बंद ठेवायला. टोपण बाजूला काढल्याशिवाय कर्णा जोडताच येत नसे, त्यामुळे ऐकण्याशी त्याचे देणेघेणे नव्हते. एमिल बर्लिनरच्या चपट्या तबकडीच्या ग्रामोफोनचीही तीच तऱ्हा. कुत्रा ज्याच्या कर्ण्यात डोकावून बसलेला दिसतो ते यंत्र आठवून पाहा. कर्णा, साउंडबॉक्स, तबकडी, सगळे उघड्यावर.

बदल झाला 1906 मध्ये. अमेरिकेत न्यू जर्सीतल्या कॅमडेनला एल्ड्रिज जॉन्सनची व्हिक्टर टॉकिंग मशीन कंपनी होती. सजवलेल्या दिवाणखान्यात तो अवाढव्य कर्णा डोळ्यांत खुपे आणि त्याच्यावरची धूळ झटकणे हा वेगळा ताप. जॉन्सनने कर्णा खाली वळवून कपाटाच्या पोटात दडवला, त्याच्या तोंडाशी दारे बसवली आणि वर तबकडीला लाकडी झाकण दिले. हा व्हिक्ट्रोला. किंमत 200 डॉलर, म्हणजे त्या काळी चांगलीच चैन. दारे कमीजास्त उघडून आवाज लहानमोठा करता येई. वरच्या झाकणाचे काम त्याहून बारीक होते.

त्या काळच्या यंत्रात वीज नव्हती. पोलादी सुई खाचेतून घासत जाई आणि तिची थरथर साउंडबॉक्समधल्या अभ्रकाच्या पडद्याला मिळे. पडद्याच्या एका अंगाचा आवाज नळीतून कर्ण्याकडे जाई. उरलेला, म्हणजे सुईची कुरकुर, तबकडीची खरखर आणि पडद्याच्या दुसऱ्या अंगाचा चिरका आवाज, तिथल्या तिथे हवेत सुटे. श्रोत्याला गाणे आणि खरखर दोन्ही एकदम ऐकू येत. झाकण लावले की गाणे खालच्या दारांतून बाहेर पडे आणि खरखर बरीचशी वर अडकून राही. घरोघरच्या रेकॉर्ड प्लेअरला झाकण आले ते या वाटेने.

दुसरी शाखा लंडनची. बार्नेट सॅम्युएल यांच्या कंपनीने 1914 मध्ये हातात धरून नेता येईल असा डेक्का ग्रामोफोन काढला. त्याच्या झाकणाच्या आत धातूचा एक खोलगट कटोरा होता. नळीतून निघालेला आवाज त्या कटोऱ्यावर आपटून समोर फेकला जाई, म्हणजे झाकणच कर्णा झाले. पहिल्या महायुद्धात सैनिकांनी ही पेटी खंदकांत नेली. ही कल्पना वीज आल्यावरही टिकली. साठ-सत्तरच्या दशकांत फिलिप्ससारख्या कंपन्यांचे पेटीवजा प्लेअर निघाले, त्यांतल्या कित्येकांचा स्पीकर झाकणातच असे. झाकण सुटे करायचे, वायर पुरेल तितके लांब नेऊन ठेवायचे आणि ऐकायचे. त्या पेट्या बनवणाऱ्यांना एवढे नक्की ठाऊक होते की स्पीकर आणि सुई एकमेकांपासून जितके दूर तितके बरे. पुढे मोठमोठ्या यंत्रांना हा मुद्दा पुन्हा शिकावा लागला.

इतकी वर्षे धुळीचे कोणाला फारसे का वाटले नाही? कारण तबकडीच खरखरीत होती. 78 फेऱ्यांची तबकडी लाखेची, आणि लाख बहुतांशी आपल्याच देशातून जाई. पण तबकडीत निम्म्याहून अधिक भरणा दगडाच्या भुकटीचा असे. पोलादी सुई झिजून खाचेच्या आकाराची व्हावी म्हणून ती मुद्दाम घालत. सुई दर बाजूला बदलायची. ज्या खाचेत आधीच दगडाची पूड भरली आहे, तिथे घरातल्या धुळीचा काय पाड! मखमलीच्या गादीने एकदा पुसले की काम भागे.

21 जून 1948 रोजी न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ अस्टोरिया हॉटेलात कोलंबिया कंपनीने लाँग प्ले रेकॉर्ड जाहीर केली आणि धुळीचे राज्य सुरू झाले. पीटर गोल्डमार्क आणि त्याच्या सहकाऱ्यांच्या या तबकडीत लाखेच्या जागी व्हायनिल होते, गती मिनिटाला 33⅓ फेऱ्यांची आणि खाच अतिशय बारीक. लाखेच्या तबकडीसाठी सुईच्या टोकाची त्रिज्या 75 मायक्रॉनच्या आसपास असे. एलपीसाठी ती 25 वर आली आणि स्टिरिओसाठी 18 वर. माणसाचा केस साधारण 70 मायक्रॉन जाड असतो. व्हायनिलमध्ये दगडाची भुकटी नाही, त्यामुळे मागची खरखर गेली. पण त्या शांततेत धुळीचा प्रत्येक कण ऐकू येऊ लागला. भरीला भर म्हणजे व्हायनिल घर्षणाने विद्युतभारित होते आणि हवेतली धूळ स्वतःकडे ओढून घेते. पाकिटातून रेकॉर्ड काढताना हातावरची लव उभी राहते, ते यामुळेच.

इथे एक खूण सांगून ठेवतो. टक्-टक् ठरावीक अंतराने येत असेल, दर 1.8 सेकंदांनी एकदा, तर तो चरा आहे, कारण 33⅓ च्या गतीला एक फेरी तेवढ्या वेळात होते. अनियमित, इकडेतिकडे टपटप ऐकू आली तर धूळ समजावी. चऱ्याला इलाज नाही, धुळीला आहे. अमीर खाँसाहेबांच्या मारव्यासारखा संथ आलाप लावला की दोन्हींतला फरक पहिल्या मिनिटात कळतो.

आपल्याकडे हा प्रश्न जरा उशिरा पोहोचला. भारतात 78 च्या तबकड्या साठच्या दशकातही निघत होत्या. बीटल्सची गाणीसुद्धा इथे लाखेवर छापली गेली. इंग्लंडात मात्र पन्नासच्या दशकातच सेसिल वॉट्स या इंजिनिअरने धुळीला आयुष्य वाहून टाकले होते. त्याचा ‘डस्ट बग’ म्हणजे वेगळ्या दांडीवर बसवलेला छोटा ब्रश आणि मागे एक मऊ गादी. तबकडी वाजत असतानाच तो सुईच्या पुढे पुढे खाच झाडत जाई. वॉट्सचे म्हणणे सरळ होते. वाजताना बसणाऱ्या धुळीपेक्षा वाजायच्या आधीच बसलेली धूळ जास्त नडते, आणि सुईच्या दाबाखाली ती खाचेच्या भिंतीत कायमची रुतते.

आता पारदर्शक झाकण. याचे जन्मगाव जर्मनी, साल 1956. ब्राउन कंपनीसाठी हान्स गुगेलो आणि तरुण डीटर राम्स रेडिओ-फोनोची एक पेटी घडवत होते, एसके-4. तोवर असली यंत्रे चकचकीत पॉलिश केलेल्या लाकडी कपाटात दडवायची रीत होती. इथे पत्र्याचे पांढरे अंग, दोन बाजूंना एल्म लाकडाच्या फळ्या आणि सगळी बटणे वर, तबकडीशेजारी. झाकणही आधी पत्र्याचेच ठरले होते. पण स्पीकर त्याच पेटीत. आवाज वाढवला की पत्रा थरथरून वाजू लागे. राम्सने पत्र्याऐवजी प्लेक्सिग्लास सुचवला. हे ॲक्रिलिक जर्मनीतच ओटो रोमच्या कंपनीने 1933 पासून विकायला काढले होते आणि महायुद्धात विमानांच्या खिडक्यांना वापरले होते. प्लेक्सिग्लास पत्र्यासारखा खणखणत नाही. पारदर्शकता सोबत आली, आणि तिनेच नाव काढले. प्रतिस्पर्ध्यांनी पेटीला टोपणनाव दिले, हिमगौरीची शवपेटी. ग्रिम बंधूंच्या गोष्टीत हिमगौरीला काचेच्या पेटीत ठेवतात, तो टोमणा. टोमणा मारणाऱ्यांनीच काही वर्षांत आपापल्या यंत्रांवर तसलीच झाकणे बसवली. आज आपण ज्याला डस्ट कव्हर म्हणतो त्याचा मूळपुरुष असा एका वाजणाऱ्या पत्र्याच्या तक्रारीतून निघाला, हे मला या सगळ्या कुळकथेतले सर्वांत गमतीचे वाटते.

पण ॲक्रिलिक खणखणत नसले तरी थरथरते. 40 बाय 35 सेंटिमीटरचे झाकण धरले तर त्याचे क्षेत्रफळ आठ इंची स्पीकरच्या कोनाच्या चौपटीहून जास्त भरते. एवढा मोठा पातळ पडदा स्पीकरसमोर धरला की तो आवाज झेलणारच. झेललेली थरथर बिजागऱ्यांतून बैठकीत उतरते, बैठकीतून दांडीत, दांडीतून सुईत, आणि ॲम्प्लिफायरमधून मोठी होऊन पुन्हा स्पीकरमध्ये. हे चक्र पूर्ण बिघडले तर यंत्र हूऽऽ करून रडू लागते. त्याच्या अलीकडची अवस्था जास्त फसवी असते. खर्जाला सूज येते, तबल्याचा बायाँ लांबतो, आणि ऐकणारा रेकॉर्डला नाहीतर स्पीकरला दोष देतो.

खर्जाचाच त्रास जास्त का, याचे कारण रेकॉर्ड कापण्याच्या रीतीत आहे. खर्जाने खाच फार हेलकावे घेऊ नये म्हणून कापताना तो दाबतात आणि वाजवताना तेवढाच परत उचलतात. 1954 च्या आरआयएए प्रमाणानुसार 20 हर्ट्झचा आवाज 1000 हर्ट्झच्या मानाने सुमारे नऊपट वाढवला जातो. गाण्यातला खर्ज तर वाढतोच, झाकणातून शिरलेला हादराही तितकाच फुगतो. त्यात 1958 पासून स्टिरिओ आला. मोनोची खाच फक्त आडवी हलते. स्टिरिओत सुईची वरखाली हालचालही आवाजच असते. म्हणजे हादऱ्यांना आणखी एक दार उघडले.

यावरचे चोख उत्तर एडगर व्हिल्चर यांनी 1961 मध्ये दिले. त्यांच्या अकूस्टिक रिसर्च कंपनीच्या टर्नटेबलमध्ये तबकडी आणि दांडी एकाच सांगाड्यावर, आणि तो सांगाडा तीन स्प्रिंगांवर तरंगता. बाहेरची लाकडी चौकट वेगळी, झाकण त्या चौकटीवर. रेकॉर्ड वाजत असताना बैठकीवर हातोडी मारून दाखवली तरी सुई जागची हलत नसे. थोरेन्सने आणि पुढे ग्लासगोच्या लिनने हीच वाट धरली. अशा यंत्रांत झाकण लावा की काढा, फारसे बिघडत नाही. ज्या यंत्राची बैठक म्हणजे एक सरळ फळी आणि त्याच फळीला बिजागऱ्या, तिथे बिघडते. आज बाजारात मिळणारी मध्यम किमतीची बरीच टर्नटेबले दुसऱ्या जातीची आहेत.

मग वाजताना काय करावे? तुमच्याच घरी पाहा. मोटर बंद ठेवून स्थिर तबकडीवर सुई टेकवा, आवाज नेहमीपेक्षा कमी ठेवा आणि झाकणावर बोटाच्या पेराने हलकेच टिचकी मारा. स्पीकरमधून धप् असा स्पष्ट ठोका आला तर झाकण आणि सुई यांचे नाते जवळचे आहे. मग झाकण लावून, उघडून आणि पूर्ण काढून, तिन्ही तऱ्हांनी टिचकी बैठकीवर मारून पाहा. कोंदणारा आवाजही अगदीच कल्पना नव्हे. बंद झाकणाखालच्या 40 सेंटिमीटरच्या पोकळीत सुमारे 430 हर्ट्झला हवा स्वतःच घुमते, आणि ती पट्टी गाण्याच्या ऐन मध्यात येते. उलट, बंद झाकण तबकडीवर थेट येणारा आवाज काही अंशी अडवतेही. म्हणून बंद की काढलेले, याचे एक उत्तर नाही. अर्धवट उभे झाकण मात्र सर्वांत वाईट. ते स्पीकरची लाट छातीवर घेते आणि सगळा हिसका बिजागरीवर पडतो. दुकानात आणि फोटोंत टर्नटेबल नेमके याच अवस्थेत दिसते, हा दुर्दैवाचा भाग.

टेक्निक्सच्या एसएल-10 ने 1979 मध्ये या वादालाच बगल दिली होती. रेकॉर्डच्या पाकिटाएवढे यंत्र, दांडी झाकणात, तबकडी दाबून धरणारी पकडही झाकणात. झाकण लावल्याशिवाय ते वाजतच नसे आणि उभे ठेवले तरी वाजे. इतके चतुर झाकण त्याआधी झाले नव्हते. पण ती शाखा फार फोफावली नाही. डीजे मंडळींनी त्याच कंपनीच्या एसएल-1200 ची झाकणे काढून फेकली, आणि फार महागड्या टर्नटेबलांपैकी कित्येकांबरोबर आज झाकण येतच नाही.

माझा कौल असा. रोज दोन रेकॉर्डी वाजवणाऱ्याच्या तबकडीवर त्या वीस-वीस मिनिटांत बसणारी धूळ थोडी. उरलेले बावीस तास टर्नटेबल उघडे राहिले तर थाळीवर, सुईवर आणि पट्ट्यावर बसणारी धूळ खूप. तेव्हा झाकण टाकून देऊ नका. वाजवताना काढून ठेवा, ते जमत नसेल तर पूर्ण लावून घ्या, आणि ऐकून झाले की न चुकता घाला. पुसताना मात्र कोरडे फडके वापरू नका; ॲक्रिलिक चोळले की भारित होते आणि खोलीतली धूळ स्वतःवर ओढून घेते. ओलसर मऊ कापड पुरे, आणि चरे पडू नयेत असे वाटत असेल तर दाब न देता.