संगीत महोत्सव, भूमी आणि परवाना : ग्लास्टनबरीच्या पर्यावरणीय वाटचालीचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

संगीत महोत्सवांचा इतिहास बहुधा कलावंत, गाजलेल्या मैफली आणि श्रोत्यांची संख्या यांच्या आधारे लिहिला जातो. मैफल संपल्यावर त्या मैदानाचे, जवळच्या ओढ्याचे आणि शेजारच्या गावाचे काय झाले, हा प्रश्न इतिहासाच्या कक्षेत क्वचितच येतो. प्रस्तुत लेखात इंग्लंडमधील ग्लास्टनबरी महोत्सवाच्या पाच दशकांच्या वाटचालीचा या दृष्टीने आढावा घेतला आहे. पर्यावरणाची काळजी ही आयोजकांच्या सदिच्छेतून आपोआप येत नाही. जमिनीची गरज, कायद्याचे बंधन आणि हानीचे मोजमाप या तीन घटकांच्या दबावातून ती घडत जाते, हे येथे प्रतिपादन करावयाचे आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

ऑगस्ट १९६९ मध्ये अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यात बेथेल येथे मॅक्स यासगर या दुग्धव्यावसायिकाच्या शेतावर वुडस्टॉक महोत्सव भरला. आयोजकांनी स्थानिक अधिकाऱ्यांना सुमारे ५०,००० लोकांचा अंदाज दिला होता. प्रत्यक्षात चार लाखांहून अधिक लोक आले. रस्ते तुंबले, अन्न व स्वच्छतेची व्यवस्था कोलमडली आणि पावसाने शेताचा चिखल झाला. श्रोते परतले, तुडवलेली जमीन आणि कचरा मात्र मागे राहिला.

पुढच्याच वर्षी इंग्लंडमधील आइल ऑफ वाइट या लहानशा बेटावर अशीच अफाट गर्दी लोटली. त्याची परिणती म्हणून ब्रिटिश संसदेने १९७१ मध्ये या बेटापुरता स्वतंत्र कायदा संमत केला. त्यानुसार ५,००० हून अधिक लोकांच्या रात्रभर चालणाऱ्या खुल्या मेळाव्यास परवाना आवश्यक ठरला. महोत्सवाचा भार पेलण्याची स्थळाची क्षमता किती, हा प्रश्न अशा रीतीने प्रथम कायद्याच्या भाषेत विचारला गेला.

शेतकऱ्याचा महोत्सव

सॉमरसेट परगण्यातील पिल्टन गावी वर्दी फार्मवर १९ सप्टेंबर १९७० रोजी मायकेल ईव्हिस यांनी पहिला महोत्सव भरविला. प्रवेशशुल्क एक पौंड होते, त्यात शेतावरचे दूध विनामूल्य मिळे आणि उपस्थिती सुमारे १,५०० होती. ईव्हिस हे मूळचे दुग्धव्यावसायिक. यासगर यांच्याप्रमाणे त्यांनी आपली जमीन दुसऱ्याच्या कार्यक्रमासाठी दिली नव्हती; आयोजक आणि शेतकरी एकच होते. महोत्सव आटोपल्यावर त्याच कुरणावर त्यांची गुरे चरावयाची होती. १९८१ मध्ये उभारलेला कायमस्वरूपी पिरॅमिड रंगमंच एरवी गोठा आणि चाऱ्याचे कोठार म्हणून वापरला जात असे, यावरून हे नाते स्पष्ट होते.

या नात्याचे सर्वांत लक्षणीय फलित म्हणजे ‘पडीक वर्ष’. शेत काही काळ पडीक ठेवून त्याचा कस परत आणण्याची रीत आपल्या शेतकऱ्यालाही परिचित आहे. हीच रीत ग्लास्टनबरीने महोत्सवाला लावली. २००६, २०१२ आणि २०१८ ही वर्षे विश्रांतीची ठरली. २०२६ हेही पडीक वर्ष म्हणून जाहीर करण्यात आले. सुमारे दोन लाख दहा हजार माणसांचा भार सोसणाऱ्या भूमीस उसंत देण्यासाठी त्या वर्षीच्या उत्पन्नावर पाणी सोडणे, हा कृषिसंस्कृतीतून आलेला निर्णय आहे.

परवाना आणि ओढ्याची साक्ष

तथापि केवळ शेतकऱ्याची आस्था पुरेशी ठरली नाही. १९८३ मध्ये महोत्सवास प्रथमच स्थानिक परवाना घ्यावा लागला आणि उपस्थितीची मर्यादा ३०,००० ठरली. २००० साली कुंपणावरून उड्या मारून असंख्य लोक विनातिकीट आत शिरले. २००१ चा महोत्सव झाला नाही आणि २००२ मध्ये भक्कम कुंपण उभारले गेले. त्या कुंपणाकडे सुरक्षेचा उपाय म्हणूनच पाहिले जाते. परंतु माणसांची संख्या निश्चित झाल्याविना पाणी, शौचालये आणि कचरा यांचे नियोजनच संभवत नाही, हेही ध्यानात घ्यावयास हवे.

शेतातून वाहणारी व्हाइटलेक ही छोटी नदी या इतिहासातील महत्त्वाची साक्षीदार आहे. २०१४ मध्ये मैला साठविण्याच्या टाकीतून गळती होऊन नदी दूषित झाली आणि मासे मेले. या प्रकरणी २०१६ मध्ये न्यायालयाने दंड व खर्च मिळून सुमारे ३१,००० पौंड भरण्याचा आदेश दिला. पुढे बँगोर विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१९ च्या महोत्सवाच्या सुमारास या नदीच्या पाण्याची तपासणी केली. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात पाण्यात अमली पदार्थांचे अंश आढळले आणि दुर्मीळ होत चाललेल्या युरोपीय ईल माशांना त्यांचा धोका असल्याचे नोंदविले गेले. उघड्यावर लघवी करू नये, ही आयोजकांची विनंती केवळ शिष्टाचाराची बाब नसून नदीच्या जीवसृष्टीचा प्रश्न आहे, हे या मोजमापामुळे सिद्ध झाले.

पर्याय आधी, बंदी नंतर

२०१९ मध्ये महोत्सवात एकदाच वापरावयाच्या प्लॅस्टिक बाटल्यांतील पाण्याची विक्री बंद झाली. त्याआधी २०१७ मध्ये अशा दहा लाखांहून अधिक बाटल्या वापरल्या गेल्या होत्या. बंदी टिकली, कारण विनामूल्य पाण्याचे नळ आणि पुन्हा भरता येणाऱ्या बाटल्या यांची सोय आधीच रुजली होती. २०२३ मध्ये महोत्सवाची सर्व वीज नवीकरणीय स्रोत व इंधने यांतून मिळविल्याचे जाहीर झाले.

खरा अवघड प्रश्न उरतो तो श्रोत्यांच्या प्रवासाचा. महोत्सवांच्या कर्ब उत्सर्जनात त्याचा वाटा सर्वांत मोठा असतो आणि तो मैदानाच्या कुंपणाबाहेर घडतो. या दृष्टीने ‘मॅसिव्ह अटॅक’ या वाद्यवृंदाने २५ ऑगस्ट २०२४ रोजी ब्रिस्टल येथे केलेला प्रयोग उल्लेखनीय आहे. जवळपासच्या रहिवाशांना तिकिटांत प्राधान्य, रेल्वेस्थानकापर्यंत विजेवरील बस, बॅटरीवर चालणारा रंगमंच आणि केवळ वनस्पतिजन्य आहार अशी त्याची आखणी होती.

महाराष्ट्राच्या संदर्भात

आपल्याकडे संगीत आणि पर्यावरण यांची गाठ प्रामुख्याने ध्वनीच्या प्रश्नावर पडली. १९५३ पासून पुण्यात भरणाऱ्या सवाई गंधर्व महोत्सवाची ख्याती रात्रभर चालणाऱ्या मैफलींसाठी होती. ध्वनिप्रदूषण नियम, २००० अन्वये रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ध्वनिक्षेपकावर निर्बंध आले. वर्षातील अधिकाधिक १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देण्याची तरतूद सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये वैध ठरविली. शेजाऱ्याच्या झोपेचे रक्षण झाले. मात्र उत्तररात्रीचे राग त्यांच्या वेळी खुल्या मंडपात ऐकण्याची संधी संपली. पर्यावरणीय नियमनास सांस्कृतिक किंमत असते, हे नाकारून चालणार नाही. म्हणूनच असे नियम कलावंत व रसिकांना विश्वासात घेऊन घडावेत. शिवाय ध्वनीखेरीज पाणी, जमीन व प्रवास यांचा विचारही आपल्या आयोजनात यावयास हवा.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून महाविद्यालयीन स्नेहसंमेलने व युवा महोत्सव यांच्यासाठीही काही निष्कर्ष निघतात.

१) स्थळाची धारणक्षमता आधी ठरवावी, निमंत्रणे नंतर द्यावीत.

२) मैदान पूर्ववत होईपर्यंत आयोजकांची अनामत रक्कम परत करू नये.

३) बाटल्यांवर बंदी घालण्यापूर्वी पिण्याच्या पाण्याची सोय करावी.

४) रेल्वे वा एस.टी. स्थानकानजीकचे स्थळ निवडावे आणि सामायिक वाहनांची व्यवस्था करावी.

५) जनित्राचे डिझेल, कचऱ्याचे वजन व पाण्याचा वापर यांची नोंद दरवर्षी ठेवून ती प्रसिद्ध करावी.

यांतील शेवटची बाब इतिहासाच्या अभ्यासकास विशेष महत्त्वाची वाटते. ग्लास्टनबरीचा ओढा आज साक्ष देऊ शकतो, कारण त्याचे पाणी कोणीतरी तपासले आणि लिहून ठेवले. आपल्या मैदानांची साक्ष अद्याप नोंदविली गेलेली नाही. ते काम महाविद्यालयांनी हाती घेण्याजोगे आहे.