ब्रॉकच्या बदल्यात ब्रोलिओ

आमच्या फँटसी बेसबॉल लीगमध्ये (बारा जण, निम्मे न्यू जर्सीत, निम्मे पुण्यात, सगळे एकाच कॉलेजचे) मंगळवारी एकाने ऑफर टाकली. "माझा पिचर घे, तुझा तो पळणारा पोरगा दे." पिचर नावाजलेला, गेल्या सीझनला भरपूर विन्स. पोरगा पंचविशीतला, बॅटिंग यथातथा, पण बेस चोरण्यात पटाईत. झालं! दोन दिवस ग्रुपवर नुसता धुमाकूळ. अर्धे म्हणाले, "डोळे मिटून हो म्हण." उरलेले म्हणाले, "येडा आहेस का?"

आणि मला राहून राहून १५ जून १९६४ आठवत होता. तेव्हा माझा जन्मही झाला नव्हता, पण बेसबॉलच्या नादी लागलेल्या माणसाला ही तारीख कधी ना कधी भेटतेच.

ज्यांना बेसबॉल माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. पिचर म्हणजे साधारण आपला बोलर, पण संघाचं अर्धं नशीब त्याच्या एका हातावर. त्याच्या नावापुढे 'विन' लागतो, तो असा: संघाने जी आघाडी शेवटपर्यंत टिकवली, ती मिळाली त्या वेळी पिचिंग करत असलेल्या पिचरला विन. (सुरुवात करणाऱ्याने निदान पाच इनिंग्ज टाकलेल्या हव्यात.) आता गंमत बघा. त्याने सहा धावा दिल्या आणि त्याच्या बॅटर्सनी नऊ काढल्या, तरी विन त्याचाच. एकच धाव दिली आणि बॅटर्स शून्यावर गेले, तर पराभव त्याच्या माथी. म्हणजे बुमराहने तीन विकेट काढल्या, पण आपले नव्वदीत गुंडाळले गेले, म्हणून हार बुमराहच्या नावावर लिहायची!

तरीही शंभरेक वर्षं पिचरची किंमत याच आकड्याने ठरत होती. १९८०मध्ये डॅनियल ऑक्रंट आणि त्याच्या मित्रांनी मॅनहॅटनमधल्या एका फ्रेंच रेस्टॉरंटच्या नावावरून 'रोटिसरी लीग' सुरू केली. आजच्या फँटसी बेसबॉलचा हा मूळपुरुष. प्रत्येक संघाला ठरावीक रक्कम, त्यात लिलावातून खेळाडू घ्यायचे. पिचिंगचे चार रकाने होते: विन्स, सेव्ह, इआरए (नऊ इनिंग्जमागे पिचरने दिलेल्या धावा, फिल्डरच्या चुका वगळून) आणि इनिंगमागे दिलेले वॉक्स-हिट्स. हा शेवटचा आकडा ऑक्रंटने स्वतःच काढला होता. म्हणजे नवीन काहीतरी शोधणाऱ्या माणसानेही विन्सचा रकाना तसाच ठेवला. सवय, दुसरं काय.

असो. आता १९६४.

शिकागो कब्जने १९४५नंतर लीग जिंकलेली नव्हती. पण १९६३चा सीझन ८२-८० असा संपला, कित्येक वर्षांनी जिंकलेले सामने हरलेल्यांपेक्षा जास्त झाले, आणि आशा पालवली. डिक एल्सवर्थ आणि लॅरी जॅक्सन हे दोन चांगले पिचर हाताशी होते. तिसरा दमदार मिळाला की काम झालं, असा हिशोब.

तिकडे सेंट लुइस कार्डिनल्सची अवस्था बिकट. २८ विजय, ३१ पराभव, दहा संघांत आठवा नंबर. जनरल मॅनेजर बिंग डिव्हाइनची खुर्ची डळमळत होती. त्याला आणि मॅनेजर जॉनी कीनला वेग हवा होता. त्या काळी ट्रेडची शेवटची तारीख १५ जून. त्याच दिवशी सौदा झाला. सहा खेळाडू इकडून तिकडे गेले, पण लोकांना दोनच नावं आठवतात: शिकागोचा आउटफिल्डर लू ब्रॉक आणि सेंट लुइसचा पिचर अर्नी ब्रोलिओ.

त्या दिवशीचा कागद समोर ठेवून बघू. ब्रोलिओ: वय २८, १९६०मध्ये २१ विन्स, १९६३मध्ये १८ विन्स आणि ८ पराभव, इआरए २.९९. ब्रॉक: पंचविशीला तीन दिवस कमी, त्या सीझनची सरासरी .२५१, आधीची दोन वर्षंही त्याच आसपास. पळतो झकास, पण फिल्डिंगची बोंब. मग तुम्ही कोणाला घ्याल? शिकागोतल्या पत्रकारांनी कार्डिनल्सचे खोचक आभार मानले. खुद्द सेंट लुइसचे खेळाडूही नाराज होते. आपल्या साहेबांना लुबाडलं असंच त्यांना वाटत होतं.

पुढे काय झालं? ब्रॉकने उरलेल्या सीझनमध्ये .३४८ची सरासरी ठेवली आणि ३३ बेस चोरले. कार्डिनल्सनी शेवटच्या दिवशी लीग जिंकली, मग सात सामन्यांत यँकीजना हरवून वर्ल्ड सीरिजही. ब्रॉक निवृत्त झाला तेव्हा खात्यावर ३,०२३ हिट्स आणि ९३८ चोरलेले बेस होते. १९८५मध्ये तो हॉल ऑफ फेममध्ये गेला. आणि ब्रोलिओ? कब्जसाठी तीन सीझन मिळून ७ विन्स, १९ पराभव. १९६६नंतर मेजर लीगमधली कारकीर्दच संपली. (डिव्हाइनची गोष्ट तर वेगळीच. मालकाने त्याला ऑगस्टमध्येच काढून टाकलं, आणि वर्षाअखेरीस सर्वोत्कृष्ट एक्झिक्युटिव्हचा मान त्यालाच मिळाला!)

कब्ज मूर्ख होते का? माझं मत: नाही. त्यांनी तीन चुका केल्या आणि तिन्ही चुका आपण आजही करतो.

पहिली, विन्सवर भरवसा. त्याबद्दल वर बोललोच आहे. २०१०मध्ये फेलिक्स हर्नांडेझला १३ विन्स आणि १२ पराभव असूनही साय यंग पुरस्कार मिळाला, २०१८मध्ये जेकब डिग्रॉमला फक्त १० विन्सवर. इथपर्यंत यायला एवढी वर्षं लागली.

दुसरी, आकड्याभोवतीची हवा न बघणं. १९६३मध्ये स्ट्राइक झोन मोठा केला गेला आणि सगळ्या लीगमध्येच धावा आटल्या. म्हणजे २.९९ हा आकडा आदल्या वर्षी जेवढा चमकला असता, तेवढा आता चमकत नव्हता. सर्व्हर बदलल्यावर प्रोग्रॅम फास्ट झाला तर आपण कोड लिहिणाऱ्याची पाठ थोपटतो का? (थोपटतो. अप्रेझलच्या वेळी तर नक्कीच. :-))

या दोन चुकांवर नंतर उपाय निघाले आणि त्यातला एक आमच्यासारख्याच रिकामटेकड्यांच्या जगातून आला. वोरोस मॅक्रॅकन हा वकिलाच्या ऑफिसात काम करणारा माणूस. पिचरच्या आकड्यांतलं किती खरोखर पिचरचं, हा प्रश्न त्याच्या डोक्यात बसला. २००१मध्ये त्याने उत्तर छापलं: स्ट्राइकआउट, वॉक आणि होमरन पिचरचे, पण बॅटला लागून मैदानात पडलेला चेंडू हिट होतो की आउट, यात पिचरचा हात आपल्याला वाटतो त्यापेक्षा फारच कमी. पेड्रो मार्टिनेझ घ्या. १९९९मध्ये त्याच्या अशा चेंडूंपैकी सुमारे ३२ टक्के हिट झाले, पुढच्याच वर्षी सुमारे २४ टक्के. माणूस तोच, हात तोच. पुढच्या अभ्यासकांनी या सिद्धांताला थोडी मुरड घातली, पण गाभा टिकला. २००२मध्ये बॉस्टन रेड सॉक्सने मॅक्रॅकनला सल्लागार म्हणून घेतलं.

पण तिसरी चूक कुठल्याच रकान्यात नव्हती. ती ब्रोलिओच्या कोपरात होती.

त्याचा हात आधीपासून दुखत होता. कार्डिनल्सकडे असताना आपण कॉर्टिसोनची इंजेक्शनं घेत होतो, असं त्याने नंतर मुलाखतींत सांगितलं. ट्रेडनंतर पाच महिन्यांनी, नोव्हेंबर १९६४मध्ये, कोपराचं ऑपरेशन झालं. तेव्हा एमआरआय नव्हता. डॉ. फ्रँक जोब यांनी टॉमी जॉनच्या कोपरावर ते प्रसिद्ध ऑपरेशन केलं ते १९७४मध्ये. आज अशा ट्रेडमध्ये दोन्हीकडचे डॉक्टर कागद तपासतात. १९६४मध्ये घेणाऱ्याकडे फक्त आकडे होते. देणाऱ्याने त्या माणसाला रोज चेंडू टाकताना पाहिलेलं होतं. डिव्हाइनला किती ठाऊक होतं, यावर मी आरोप करणार नाही. पण घेणारा आणि विकणारा यांना सारखंच माहीत असतं, हे गृहीत धरणं हीच खरी चूक. सेकंडहँड गाडी घेताना आपण पहिला प्रश्न विचारतो, "विकताय का?" पिचर घेताना तो विचारायचा विसरतो.

या सगळ्यात मला खटकतं ते एकच. अमेरिकेत आतबट्ट्याच्या सौद्याला आजही 'ब्रॉकच्या बदल्यात ब्रोलिओ' म्हणतात. ज्याने एका सीझनमध्ये २१ सामने जिंकले, त्याचं नाव वाक्प्रचार होऊन बसलं. त्याने सौदा मागितला नव्हता. दुखऱ्या हाताने तो पुढची अडीच वर्षं चेंडू टाकत राहिला. कित्येक वर्षांनी शिकागोत जुन्या खेळाडूंच्या सामन्याला गेला, तर प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवली. तो मात्र हे हसत सांगायचा, आणि ब्रॉकशी त्याची शेवटपर्यंत मैत्री होती. २०१९मध्ये ब्रोलिओ गेला, २०२०मध्ये ब्रॉक.

आमच्या लीगमध्ये पिचर म्हणजे स्प्रेडशीटमधली एक ओळ. फसलो तर पुढच्या एप्रिलमध्ये पाटी कोरी. त्या ओळीपलीकडे एक कोपर असतं आणि ते एका माणसाचं असतं, एवढं लक्षात राहिलं तरी पुष्कळ.

तर शनिवारी सकाळी मी मित्राला एवढंच विचारलं, "का विकतोयस?"

बराच वेळ उत्तर नाही. मग आलं, "अरे, सहज."

पोरगा अजून माझ्याच संघात आहे.