आग्रा रोड, तिसरा वर्ग आणि भिवंडीचा ‘प्रवासी’

‘प्रवास’ या संस्कृत शब्दाचा मूळ अर्थ घर सोडून परस्थळी राहणे असा आहे. हिंदीने तो बव्हंशी राखला; तेथे ‘प्रवासी’ म्हणजे परमुलखात राहणारा, आणि गाडीत बसतो तो ‘यात्री’. मराठीत यात्रा देवाची होते, यात्रेला जातो तो यात्रेकरू, आणि गाडीत बसणारा मात्र ‘प्रवासी’. अर्थाचा हा भेद एका पेठेच्या इतिहासात कसा उतरला आहे, हे दाखविण्याचा प्रस्तुत टिपणाचा हेतू आहे. ती पेठ भिवंडी होय.

लोहमार्गापूर्वी गरिबाचा दूरचा प्रवास पायीच होत असे. पेण तालुक्यातील वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली चुलत्यासह उत्तरेकडे निघाले, ते घरच्या कर्जापायी आणि दक्षिणेच्या आशेने. त्यांच्या ‘माझा प्रवास’ या ग्रंथात, जो १९०७ साली चिंतामण विनायक वैद्य यांनी प्रसिद्ध केला, स्वस्त प्रवासाची खरी किंमत आढळते. पैसा थोडा लागला. परंतु वर्षे गेली, लुटालूट सोसावी लागली आणि प्राणही संकटात पडले.

याच सुमारास उलट दिशेनेही माणसे चालत होती. १८५७ नंतर उत्तर हिंदुस्थानातील मोमीन विणकरांची कुटुंबे दक्षिणेकडे आली, असे त्या समाजाची परंपरा सांगते. त्यांच्या दोन प्रमुख वसाहती मालेगाव आणि भिवंडी. दोन्ही गावे मुंबई-आग्रा रस्त्यावर आहेत आणि मुख्य लोहमार्गाने दोहोंनाही बाजूस टाकले, ही गोष्ट लक्षणीय आहे. या वसाहतींचे स्थान रेल्वेने नव्हे, तर रस्त्याने ठरविले, असे अनुमान करण्यास हरकत नाही. या पहिल्या पिढीस परतीची वाट जवळजवळ नव्हतीच. हे लोक हिंदी अर्थानेच प्रवासी होते.

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही २१ मैलांची गाडी सुरू झाली. पहिल्या वर्गाचे भाडे २ रुपये १० आणे, तर तिसऱ्याचे ५ आणे ३ पै, म्हणजे मैलास तीन पै होते. लोहमार्ग १८५४ साली कल्याणास पोहोचला, १८६५ साली थळ घाट चढून इगतपुरीस गेला, आणि १८७० साली जबलपूर येथे अलाहाबादकडील मार्गास जोडला गेला. विणकराला आता सणास वा लग्नकार्यास गावी जाऊन पुन्हा मागावर बसणे शक्य झाले. हिंदी ‘प्रवासी’ मराठी अर्थानेही प्रवासी झाला तो येथे.

तथापि भाडे उतरले म्हणून प्रवासाची सारी किंमत उतरली, असे नव्हे. गांधीजींनी १९१७ साली तिसऱ्या वर्गाविषयी लिहिलेल्या पत्रात मुंबई-मद्रास प्रवासाचा हिशेब दिला आहे. भाडे १३ रुपये ९ आणे. डब्यावर २२ उतारूंची मर्यादा लिहिलेली, आणि वाटेत बहुतेक वेळ आत ३५ माणसे. जे पैशाने वाचले ते देहाने भरावे लागले. १९७४ साली ‘तिसरा वर्ग’ हे नाव गेले व तोच ‘द्वितीय’ म्हणविला जाऊ लागला. नाव बदलले, गर्दीचे गणित त्यामुळे बदलले नाही.

भिवंडीकरास आणखी एक खर्च होता. गाडी कल्याणास सोडी आणि पुढचा टप्पा रस्त्याने काटावा लागे. पूर्वी टांगा, पुढे एस.टी. आणि वाट्याची रिक्षा. शेकडो कोसांचे तिकीट स्वस्त आणि अखेरचे थोडे अंतर त्यामानाने महाग, असा हा विपरीत हिशेब होता. वसई-दिवा मार्गावर ‘भिवंडी रोड’ हे स्थानक झाले ते विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. स्थानकाच्या नावातही ‘रोड’ यावा, हे या गावाच्या इतिहासास धरूनच आहे.

रेल्वे आली म्हणजे रस्ता इतिहासजमा झाला, असे आपण सहसा गृहीत धरतो. मार्च २०२० मध्ये टाळेबंदीमुळे उतारूंच्या गाड्या थांबल्या, तेव्हा हे गृहीत कोसळले. यंत्रमाग बंद पडलेले कामगार पायी, सायकलींवर, मिळेल त्या ट्रकमधून त्याच आग्रा रस्त्याने नाशिकच्या दिशेने निघाले. पूर्वजांची वाट त्यांनी उलट दिशेने धरली. मे महिन्याच्या प्रारंभी भिवंडी रोड स्थानकातून गोरखपूरकडे श्रमिक विशेष गाडी सुटली. परंतु तोवर अनेक जण वाटेस लागले होते. त्या दिवसांत मराठी वृत्तपत्रांतही ‘प्रवासी मजूर’ हा हिंदी वळणाचा प्रयोग ‘स्थलांतरित मजूर’ याच्या जोडीने दिसू लागला.

स्वस्त प्रवासाचा इतिहास केवळ भाड्याच्या कोष्टकांवरून लिहिता येणार नाही, हाच याचा निष्कर्ष. वेळ, देहकष्ट, अखेरचा टप्पा आणि मुख्यतः परत येण्याची शक्यता या चार बाबी त्यात धरल्या पाहिजेत. ज्याला परत येता येते तो मराठी अर्थाने प्रवासी. ज्याला येता येत नाही तो हिंदी अर्थाने. भिवंडीच्या विणकरास हे दोन अर्थ वेगळे ठेवता आले ते गाडी चालू होती तोवरच.