लिंगभाव व लैंगिक कल : मराठीतील परिभाषा

आपण स्त्री, पुरुष वा याहून वेगळे आहोत अशी व्यक्तीची स्वतःविषयीची जी जाण असते ती आणि तिच्या प्रेमाचा व शारीरिक आकर्षणाचा जो रोख असतो तो, या दोन गोष्टी व्यक्त करणारी शब्दसंपदा. पहिल्या गोष्टीस लिंगभाव-ओळख व दुसरीस लैंगिक कल असे म्हणतात. या दोहोंविषयी मराठीत जुन्या काळापासून शब्द आहेत. तथापि देह, वर्तन, उपजीविका व उपासना यांच्या कल्पना त्यांत मिसळून गेलेल्या आढळतात. व्यक्तीला कोणता शब्द लावला जातो, यावर तिचा वारसा, पोशाखाचे स्वातंत्र्य व कायद्यापुढील स्थान अवलंबून राहिले असल्यामुळे या परिभाषेचा इतिहास हा समाजव्यवहाराच्या इतिहासाचाच एक भाग ठरतो. मराठी, कन्नड, तेलुगू व उर्दू या चार भाषा नांदणाऱ्या सोलापूर परिसरात त्याचे अनेक धागे एकत्र आलेले दिसतात.

मूलभूत संज्ञा : ‘लिंग’ हा शब्द अनेकार्थी आहे. शिवाचे प्रतीक, जननेंद्रिय, नर-मादी हा भेद आणि व्याकरणातील नामांचे वर्गीकरण असे त्याचे अर्थ होतात. सोलापुरात बाराव्या शतकातील सिद्धरामेश्वरांनी स्थापिलेली ६८ लिंगे आणि लिंगायतांनी अंगावर धारण करावयाचे इष्टलिंग यांमुळे त्याचा धार्मिक अर्थच अधिक परिचित आहे. शास्त्रीय लेखनात शरीरनिष्ठ भेदास ‘लिंग’ आणि समाजाने घडविलेल्या स्त्रीत्व-पुरुषत्वाच्या कल्पनेस ‘लिंगभाव’ म्हणण्याचा प्रघात विसाव्या शतकाच्या अखेरीस स्त्री-अभ्यासाच्या क्षेत्रात रूढ झाला. पाश्चात्त्य मानसशास्त्रात हा भेद जॉन मनी यांच्या १९५५ मधील लेखनापासून पुढे आला होता. जन्मतः नोंदलेल्या लिंगाहून जिची स्वतःविषयीची जाण वेगळी असते, ती व्यक्ती पारलिंगी होय. जिची शरीरलक्षणे स्त्री वा पुरुष या ठरीव चौकटीत बसत नाहीत, ती आंतरलिंगी. स्वतःच्याच लिंगाच्या व्यक्तीकडे आकर्षण असल्यास समलिंगी आणि दोन्हींकडे असल्यास उभयलिंगी हे शब्द योजतात. पहिल्या दोन संज्ञा लैंगिक कलाविषयी काहीही सांगत नाहीत; पारलिंगी स्त्रीचे आकर्षण पुरुषाकडे असेल, तसेच स्त्रीकडेही असू शकेल. ‘उभयलिंगी’ हा शब्द मात्र पूर्वी दोन्ही प्रकारची शरीरलक्षणे असलेल्या व्यक्तीसही लावला जाई. त्यामुळे जुने लेखन वाचताना संदर्भ तपासून अर्थ ठरवावा लागतो.

व्याकरण आणि व्यवहार : व्याकरणातील लिंग व देहाचे लिंग एक नव्हेत, हे संस्कृत वैयाकरणांनी फार पूर्वी ओळखले होते. पत्नी या एकाच अर्थाचे ‘दार’, ‘भार्या’ व ‘कलत्र’ हे शब्द अनुक्रमे पुल्लिंगी, स्त्रीलिंगी व नपुंसकलिंगी आहेत. शरीराच्या खुणांवरून शब्दाचे लिंग ठरविता येईल काय, हा प्रश्न पतंजलीने महाभाष्यात चर्चिला आहे. मराठीत तिन्ही लिंगे टिकून राहिली असून प्रमाण भाषेत प्रथमपुरुषी क्रियापदही बोलणाऱ्याचे लिंग दर्शविते. ‘मी येतो’ वा ‘मी येते’ यांपैकी एक रूप निवडल्याखेरीज वाक्य पुरे होत नाही. सोलापुरात ऐकू येणाऱ्या कन्नडमधील ‘नानु बरुत्तेने’ व तेलुगूतील ‘नेनु वस्तानु’ या वाक्यांत ही निवड करावी लागत नाही. उर्दूत मात्र ती करावी लागते. दक्षिण महाराष्ट्रात, विशेषतः कोल्हापूरकडील बोलीत, स्त्रियाही ‘मी येतो’ असे म्हणतात. यामुळे पारलिंगी व्यक्तीने स्वतःसाठी योजलेले क्रियापद ही मराठीत तिच्या ओळखीची पहिली उघड खूण ठरते आणि ऐकणाऱ्याने तिच्यासाठी कोणते रूप योजावे, हा प्रश्न आदराशी निगडित होतो. संतपरंपरेने या नियमाला एक वेगळी वाट दिली आहे. पंढरपूरच्या वारीत स्त्रीपुरुष परस्परांना ‘माउली’ असे संबोधितात. ज्ञानेश्वरांसही हीच संज्ञा आहे. ती भक्तिभावाची असल्यामुळे तिचा लिंगभाव-ओळखीशी थेट संबंध जोडता येत नाही. परंतु स्त्रीलिंगी शब्द पुरुषास गौरवाने लावण्याची सवय तिने मराठी कानाला लावली, हे खरे.

पूर्वपरंपरा : वात्स्यायनाच्या कामसूत्रात ‘तृतीया प्रकृती’ ही संज्ञा येते व तिचे स्त्रीरूपिणी आणि पुरुषरूपिणी असे दोन भेद सांगितले आहेत. महाभारतातील बृहन्नडा व शिखंडी ही पात्रे सर्वपरिचित आहेत. ‘क्लीब’, ‘षंढ’ व ‘नपुंसक’ हे शब्द मात्र प्रजननक्षमतेच्या अभावावर भर देतात आणि मराठीत त्यांना भित्रेपणाचा हीनार्थही चिकटला. ‘हिजडा’ हा शब्द हिंदुस्थानीशी समान आहे. तो गुरू-चेला परंपरेने बांधलेल्या समूहाचे नाव असूनही बोलण्यात शिवी म्हणून वापरला जातो. मराठेशाहीत अशा समूहांना ठरावीक मुलखात मागून घेण्याचे हक्क, तसेच इनाम जमिनी दिलेल्या होत्या व ते हक्क गुरूकडून चेल्याकडे जात. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास मुंबई इलाख्यातील कंपनी सरकारने सार्वजनिक सभ्यतेचे कारण देऊन हे हक्क पुढे चालू ठेवण्यास नकार दिला. मान्य वृत्ती असलेल्या समूहाचे नाव त्यामुळे केवळ भिकेशी जोडले गेले.

दक्षिण महाराष्ट्र व उत्तर कर्नाटकात आणखी एक शब्दपरंपरा आहे. बेळगाव जिल्ह्यातील सौंदत्तीच्या यल्लम्मा देवीस वाहिलेल्या स्त्रियांस जोगतीण व पुरुषांस जोगता (कन्नड ‘जोगप्पा’) म्हणतात. जोगत्यांपैकी अनेक जण लुगडे नेसतात, परडी घेऊन जोगवा मागतात व चौंडक्याच्या साथीवर देवीची गाणी म्हणतात. ‘जोगता’ हे मूलतः उपासकाचे नाव आहे. त्यात स्वतःस स्त्री मानणारे असतात, तसेच नवसापायी वा केसांत जट आली म्हणून लहानपणीच सोडलेलेही असतात. या शब्दाचे ‘हिजडा’ वा ‘पारलिंगी’ असे सरसकट भाषांतर केल्यास स्वेच्छा व सक्ती यांतील भेद नाहीसा होतो. राजन गवस यांच्या ‘भंडारभोग’ (१९८८) या कादंबरीने हा भेद मराठी वाचकांपुढे आणला (⟶ देवदासी).

कायद्याची भाषा : १८६० च्या भारतीय दंडसंहितेतील कलम ३७७ ने ‘निसर्गक्रमाविरुद्ध’ संभोग हा गुन्हा ठरविला. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याच्या दुसऱ्या भागात षंढांची नोंदवही ठेवण्याची तरतूद होती. जो स्वतः नपुंसकत्व मान्य करील वा वैद्यकीय तपासणीत तसा दिसेल, तो पुरुष षंढ होय, अशी त्यात व्याख्या केलेली होती. नोंद झालेल्या व्यक्तीस सार्वजनिक ठिकाणी स्त्रीवेष करण्यास वा नाचण्यास मनाई होती. हा भाग मुख्यतः उत्तर हिंदुस्थानात राबविला गेला. निजामाच्या राज्याने त्याच धर्तीवर फसली १३२९ (इ. स. १९१९) मध्ये कायदा केला. सोलापूर जिल्हा मुंबई इलाख्यात, तर त्यास लागून असलेले उस्मानाबाद (विद्यमान धाराशिव) व गुलबर्गा (विद्यमान कलबुर्गी) हे जिल्हे निजामाकडे होते. त्यामुळे काही कोसांच्या अंतरावर एकाच व्यक्तीचे कायदेशीर वर्णन बदलत असे. हैदराबादचा हा कायदा तेलंगण उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये घटनाबाह्य ठरविला. गुन्हेगार जमातींविषयीच्या कायद्यांखाली सोलापुरातही विसाव्या शतकाच्या आरंभी तारेच्या कुंपणातील सेटलमेंट वसविण्यात आली होती. १९५२ मध्ये ते कायदे रद्द झाल्यावर त्या जमातींना ‘विमुक्त’ हे नवे नाव मिळाले. हिजडा समूहास असे नवे नाव मिळण्यास बराच काळ जावा लागला.

आधुनिक मराठी लेखन : र. धों. कर्वे यांनी ‘समाजस्वास्थ्य’ (१९२७–५३) या मासिकातून लैंगिक प्रश्नांची मोकळी व शास्त्रनिष्ठ चर्चा केली. वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून, त्यांत समलिंगी संबंधांविषयीचेही उत्तर होते, त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. १९३४ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी त्यांची बाजू मांडली. तथापि निकाल कर्वे यांच्या विरुद्ध गेला. या विषयाची भाषा सभ्य असूच शकत नाही, ही समजूत त्या निकालामागे होती. विजय तेंडुलकर यांच्या ‘मित्राची गोष्ट’ (१९८१) या नाटकाची नायिका समलिंगी आहे. पुण्यात समपथिक ट्रस्ट स्थापन करणारे बिंदुमाधव खिरे यांच्या ‘पार्टनर’, ‘इंद्रधनु’ इ. पुस्तकांनी रोजच्या मराठीत या संज्ञा समजावून दिल्या.

सद्यःस्थितीकडे : २०११ च्या जनगणनेत लिंगाच्या रकान्यात ‘इतर’ हा पर्याय आला व महाराष्ट्रात ४०,८९१ व्यक्तींची त्याखाली नोंद झाली. लिंगभाव-ओळख ठरविण्याचा अधिकार व्यक्तीचा स्वतःचा आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ रोजी दिला. प्रौढांच्या परस्परसंमत समलिंगी संबंधांस कलम ३७७ लागू होत नाही, असा निर्णय ६ सप्टेंबर २०१८ रोजी झाला. समलिंगी विवाहास मान्यता देण्याचा प्रश्न मात्र न्यायालयाने २०२३ मध्ये विधिमंडळाकडे सोपविला. जागतिक आरोग्य संघटनेने समलैंगिकता १९९० मध्ये रोगांच्या यादीतून वगळली व २०१९ मध्ये स्वीकारलेल्या वर्गीकरणात पारलिंगी असणे मनोविकारांत गणले नाही.

महाराष्ट्र शासनाच्या व्यवहारात ‘तृतीयपंथी’ हा शब्द रूढ झाला. तो अपमानकारक नाही. परंतु पंथ हा स्वीकारावयाचा असतो, तर लिंगभावाची जाण तशी स्वीकारलेली नसते, ही त्याची मर्यादा होय. शिवाय पारलिंगी पुरुष या शब्दाच्या रूढ अर्थाबाहेर राहतात. ‘किन्नर’ हा शब्द काही समूहांस आदराचा वाटतो, तर काही ‘हिजडा’ हेच परंपरागत नाव अभिमानाने धारण करतात. व्यक्ती स्वतःस जे नाव घेते ते प्रमाण मानावे व शिवीच्या अर्थाने रूढ झालेला शब्द तिच्या संमतीवाचून योजू नये, हा संकेत लेखनात आता बराच मान्य झाला आहे.

२०१७ मध्ये सोलापूर जिल्ह्यातील तरंगफळ (ता. माळशिरस) या गावाने ज्ञानदेव ऊर्फ माउली कांबळे या तृतीयपंथी व्यक्तीची सरपंचपदी निवड केली. गावाच्या दप्तरात त्यांचा उल्लेख ‘सरपंच’ असा झाला. त्या शब्दास त्यांचे लिंग सांगण्याचे कारण नव्हते.