सुरवंट सांभाळणारे साहेब

लिंबोणीच्या कोवळ्या पानावर कधीकधी पक्ष्याची शीट पडल्यासारखा काळपट-पांढरा ठिपका दिसतो. बोट लावले की तो हलतो. तो सुरवंट असतो. कात टाकत टाकत काही दिवसांत तो पानासारखा हिरवागार होतो. कुणी डिवचलेच तर डोक्यामागून दुहेरी नारिंगी शिंग बाहेर काढतो आणि उग्र वास सोडतो. हे पाहायला परसदार आणि थोडी सवड पुरते.

अशाच सवडीतून सव्वाशे वर्षांपूर्वी कारवारच्या परिसरात मोठे काम उभे राहिले.

एडवर्ड हॅमिल्टन एटकेन यांचा जन्म १८५१ साली साताऱ्यात झाला. वडील स्कॉटिश मिशनरी. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात काही वर्षे लॅटिन शिकवल्यावर १८७६ मध्ये ते जकात आणि मीठ खात्यात लागले. खाराघोडा, उरण, रत्नागिरी, कारवार, गोव्याची सरहद्द अशा त्यांच्या नेमणुका. मिठागरे आणि नाकी तपासत हिंडायचे आणि पावसाळ्यात बंगल्यात अडकून पडायचे. त्या काळी अनेक गोरे अधिकारी अशा वेळी बंदूक उचलत. एटकेन मात्र घरातल्या पाली, मुंग्या, कावळे, बेडूक न्याहाळत बसले. त्यातून १८८३ मध्ये ‘द ट्राइब्ज ऑन माय फ्रंटियर’ हे पुस्तक झाले आणि ‘ईएचए’ या आद्याक्षरांनी ते घरोघर पोचले.

त्याच वर्षी १५ सप्टेंबरला भायखळ्याच्या संग्रहालयात, म्हणजे आजच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयात, आठ जण जमले आणि बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन झाली. त्या आठांत एटकेन होते, तसेच प्रार्थना समाजाचे डॉ. आत्माराम पांडुरंग आणि रखमाबाईंचे सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन हेही होते.

कारवार ज्यात येते तो उत्तर कानडा जिल्हा तेव्हा मुंबई इलाख्यात होता. तिथे एटकेन यांना जे. डेव्हिडसन आणि वनखात्यातले टी. आर. बेल हे जोडीदार मिळाले. तिघांचे वेड एकच, फुलपाखरांचे. जाळ्यात फुलपाखरू सापडले की हाती फक्त पंख लागतात. ते कोणत्या झाडावर वाढले, कोशात कसे दिसत होते, याचा पत्ता लागत नाही. म्हणून अंडी आणि अळ्या घरी आणायच्या, रोज त्यांच्या झाडाची ताजी पाने पुरवायची, कोश फुटेपर्यंत थांबायचे आणि मग नोंद करायची. चुकीचे पान दिले तर अळी उपाशी मरते, पण त्या पानाला तोंड लावत नाही. अशा नोंदींवर आधारलेले त्यांचे लेख १८९० पासून सोसायटीच्या नियतकालिकात आले. त्या काळी भारतातल्या अनेक फुलपाखरांच्या बालपणाबद्दल फारच थोडे लिहिले गेले होते.

बेल तर कारवारचेच झाले. निवृत्त झाल्यावरही मायदेशी न परतता १९४८ मध्ये मरेपर्यंत ते तिथेच राहिले.

एटकेन यांच्याकडे १९०२ च्या सुमारास वेगळीच कामगिरी आली. गोव्याच्या सरहद्दीवरच्या नाक्यांवर शिपाई हिवतापाने आजारी पडत होते; त्यांना डासांपासून दूर कुठे हलवावे, हे शोधायचे होते. त्या फिरतीत त्यांना ॲनॉफेलिस डासाची एक नवी जात सापडली. पहिल्या पुस्तकात त्यांनी डासांवर स्वतंत्र प्रकरण लिहिले होते. वीस वर्षांनी सापडलेल्या या डासाचे नाव शास्त्रज्ञांनी ठेवले ‘ॲनॉफेलिस एटकेनी’.